माझा जुना फोन साडूकडे

मत्सर ही भावना आमच्या घराण्यात नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात, घरात किंवा पगारपत्रकात डोकावून पाहिलं नाही, आणि तोच स्वभाव माझ्यात उतरला आहे, असं मी गेली तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. गेल्या महिन्यात मेहुणीच्या स्वयंपाकघरात, ती चहा गाळत असताना, मी साडूच्या फोनवर माझा अंगठा टेकवून तो उघडतो का ते बघत होतो. तेव्हाही मी मनातल्या मनात स्वतःला हेच सांगत होतो.

फोन उघडला नाही. आणि दुखलं ते इथेच, कारण तो फोन माझा होता. चार वर्षं माझा होता.

या सगळ्याची सुरुवात सासूबाईंनी केली. त्या एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजूनही त्या खोलीत आल्या की बसलेला माणूस आधी आपली चादर नीट आहे ना ते बघतो. एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना त्या म्हणाल्या, "माझा भिंतीवरचा फोटो ठरवायचाय."

"कुठल्या भिंतीवरचा?" मेहुणीनं विचारलं.

"मी गेल्यावर लावाल त्या."

"आई, जेवताना काहीतरीच काय गं!" माझी बायको म्हणाली.

"काहीतरीच नाही. तुमच्या बाबांचा लावलाय ना? त्यात ते शिंकायच्या बेतात आहेत. पंधरा वर्षं बघतेय, ती शिंक काही येत नाही. माझा मी निवडणार. महिन्यानं वाढदिवस आहे, त्या दिवशी फ्रेमवाल्याकडे गेला पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "काय जावईबापू? घरातले फोटोग्राफर तुम्ही."

शिंकेचा फोटोही मीच काढला होता. ते त्या बोलल्या नाहीत. मेट्रनचा मोठेपणा हा असा असतो.

इथे माझी अडचण समजून घ्यायला हवी. माझा साडू लिफ्ट दुरुस्त करतो. सासरी पंखा थांबो, नळ गळो, मिक्सर जळो, "त्याला बोलवा" असा एकच घोष होतो, आणि तो येतो, स्टुलावर चढतो, तोंडात स्क्रू धरून सगळ्यांशी गप्पा मारतो आणि वस्तू चालू होते. मी पाणीपुरवठा कार्यालयात ड्राफ्ट्समन आहे. शहराच्या पोटात कुठला नळ कुठून जातो ते मला झोपेत विचारा. पण गळका नळ दाखवायला मला कुणी कधी बोलावलेलं नाही. त्या घरात माझ्या नावावर एकच खातं होतं, फोटोचं. चोवीस वर्षं प्रत्येक बारशाला, बढतीला आणि वाढदिवसाला सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करून मी फोटो काढले आहेत. ओळ कधी वाकडी आली नाही.

तेव्हा मी नवा फोन घ्यायचं ठरवलं. मागे तीन कॅमेरे असलेला. दुकानातल्या विक्रेत्यानं तो खोक्यातून काढला आणि नखानं त्याच्यावर काहीतरी करायला लागला, तसा मी त्याचा हात धरला. "काही काढाकाढी करू नका. आहे तसा कव्हरात घाला." मी वस्तू जपणारा माणूस आहे. आमच्या टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे आणि त्याचं प्रत्येक बटण चालतं. विक्रेत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, वरून काळं कव्हर चढवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच आठवड्यात साडूचा फोन लिफ्टखालच्या खड्ड्यात पडला आणि मागोमाग लिफ्टही खाली आली. मी मोठ्या मनानं माझा जुना फोन त्याला देऊन टाकला. देताना त्याच्या खोडी सांगितल्या: वरच्या कोपऱ्यात चीर आहे, चार्ज चाळीसवर असताना अचानक मान टाकतो, महत्त्वाचा फोन आला की हटकून अडकतो.

"चालेल की साडूभाऊ," तो म्हणाला. "माझ्या लिफ्टही अशाच आहेत."

चौथ्या दिवशी घरच्या ग्रुपवर त्याचा पहिला फोटो आला. तो खड्ड्यात उताणा पडून वर बघत काढलेला होता. नऊ मजल्यांची अंधारी विहीर, प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून आलेली उजेडाची एक-एक रेघ, आणि पार वर, जिथे सगळ्या रेघा मिळतात, तिथे एक पांढरा ठिपका. तो ठिपका मी तीस वर्षं पट्टी लावून कागदावर काढत आलो आहे. यानं तो पाठीवर पडून, बहुधा शिट्टी वाजवत, काढला होता.

खाली मेहुणीनं अंगठा टाकला. माझ्या बायकोनं टाकला. सासूबाई ग्रुपवर फक्त कुणी आजारी पडलं तरच लिहितात. त्यांनी लिहिलं, "छान."

माझ्या फोटोंना चोवीस वर्षांत मेट्रनकडून "मिळाला" याच्यापुढे काही मिळालेलं नव्हतं.

त्याच दिवशी मी नव्या फोनवर काढलेला आमच्या साहेबांच्या निरोप समारंभाचा फोटो टाकला. तेवीस माणसं, तीन ओळी.

"ऑफिसात धुकं होतं का?" बायकोनं शेजारच्या खोलीतून विचारलं.

"त्याला सॉफ्टनेस म्हणतात. भारी कॅमेऱ्यात असतो."

"साहेबांचं नाक कुठाय पण?"

मी भिंग पुसलं. पुढे दोन-तीन आठवडे मी ते रोज सकाळी चष्म्याच्या कापडानं, गोल-गोल, हलक्या हातानं पुसत होतो. खिडकीतली कुंडी काढली, ती स्वप्नातली कुंडी आली. बायको काढली, ती म्हणाली, "चला, सुरकुत्या तरी गेल्या," आणि तो फोटो ठेवून घेतला. बाकी फोन निर्दोष होता. कधी अडकला नाही, दोन-दोन दिवस चार्ज टिकला, मला चेहऱ्यानं ओळखायचा. पण मन लागेना. कार्यालयात शाई वाळायची वाट बघताना माझं बोट आपोआप ग्रुपकडे जायचं. साडूनं आज काय टाकलं?

तो रोज टाकत होता. बंद लिफ्टसमोर भाजीच्या दोन पिशव्या घेऊन स्टुलावर बसलेले आजोबा, चेहऱ्यावर आठवा मजला स्पष्ट दिसतोय. दोरांना ग्रीस लावणारा सहकारी, नाकावर ग्रीस. सासूबाई कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधताना. प्रत्येक फोटोच्या एका कोपऱ्यात त्याचा अंगठा यायचा आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. माझ्या एका फोटोत, सहा वर्षांपूर्वी, नखाचा चतकोर आला होता. त्याचा विषय अजून निघतो.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. हा फोन माझ्याकडे असताना असा वागायचा नाही. माझ्याशी चार वर्षं कण्हत-कुथत संसार केला, आणि त्याच्याकडे गेल्यावर याला पालवी फुटली?

म्हणून तो चहाचा दिवस. साडू बाल्कनीत माझ्या बायकोला काहीतरी सांगून हसवत होता, फोन ओट्यावर होता, मी अंगठा टेकवला. फोननं थरथरून नकार दिला. मी दुसरा अंगठा लावून पाहिला. चार वर्षं ज्या अंगठ्याला निमूट दार उघडलं त्याला म्हणे ओळख पटत नाही.

"भावोजी, साखर?" मेहुणीनं मागे न वळता विचारलं.

"नको. फोन चार्जला आहे का ते बघत होतो."

"त्याला लागत नाही आता. ह्यांनी उघडून बॅटरी बदलली ना त्याची."

उघडून! मला न विचारता माझ्या फोनचं पोट उघडलं होतं, आणि तो बरा झाला होता.

वाढदिवसाला आठ दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं. सगळे जमले होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो की साडूचं काम जोखमीचं, खड्ड्याबिड्ड्यात बसायचं, त्याला चांगला फोन हवा. माझं काय, कागदावर रेघा मारणारा मी, मला जुना पुरे. आणि नवा फोन त्याच्यापुढे ठेवला.

खोलीत असं काही पसरलं की मी स्वतः हेलावलो. बायकोनं माझ्याकडे लग्नानंतर दुसऱ्यांदा त्या नजरेनं पाहिलं. मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई उठल्या, माझ्या कपाळाला तळहात लावला, मग मनगट धरून घड्याळाकडे बघितलं.

"ताप नाही," त्यांनी जाहीर केलं.

"साडूभाऊ, एवढा भारी फोन..." साडू अवघडला होता. "मला नाही हो पटत."

"घे रे. मी कधी कुणाचं काही बघून हावरटपणा केलाय का?"

तो म्हणाला, "कधीच नाही." मनापासून म्हणाला. त्या क्षणी मला तो अजिबात आवडला नाही.

तर माझा जुना फोन घरी आला. पण तो आता दुसऱ्या घरात राहून आला होता. भोवती लाल रबर. सहज काही टाइप करायला गेलो तर त्याची भाषाच बदललेली. पूर्वी मी 'आ' टाइप केला की तो अदबीनं 'आदरणीय महोदय' सुचवायचा. आता 'आठव्यावर अडकलीय' सुचवतो. मी पुन्हा माझा अंगठा त्याला शिकवला, रबर काढून टाकलं, आणि आठ दिवस सराव केला. फोटो लख्ख येत होते. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांचं नाक स्पष्ट दिसत होतं. ओळ सरळ होती. आता फक्त सासूबाई.

वाढदिवसाच्या सकाळी मी त्यांना खिडकीशेजारी बसवलं. उजेड डावीकडून, पडद्याची घडी मागे, खुर्ची भिंतीला काटकोनात. बल्ब बदलायला आलेला साडू दारातल्या स्टुलावर बसला होता, तोंडात अर्थातच स्क्रू, हातात नवा फोन.

"आई, हनुवटी वर. थोडी. नाही, आता खाली. मान डावीकडे."

"मान आहे माझी, मीटर नाही."

"श्वास धरा."

"आत्तापासून?"

बारा फोटो काढले. बाराही स्वच्छ, आणि बाराही फोटोंत सासूबाई एक्स-रे काढायला आल्यासारख्या दिसत होत्या. मी तेराव्यासाठी पुढे गेलो आणि त्यांच्या पदराची घडी सरळ करायला हात घातला. तेव्हा त्यांचा संयम संपला.

"जावईबापू!" तर्जनी वर गेली, डोळे बारीक झाले, आणि ओठाच्या एका कोपऱ्यात, तीन मजले ऐकतील असं ओरडायच्या आधी त्यांना येतं ते हसू आलं. "वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी लोकांना कुशीवर वळवलंय. मला कुणी वळवायचं नाही!"

दारातून बारीकसा आवाज आला. साडूनं फोटो काढला होता.

त्यानं फोन आणून त्यांच्या हातात दिला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. आम्ही सगळे मागून वाकून बघत होतो. डोळ्यांतली चमक, उगारलेलं बोट, कपाळावरची प्रत्येक आठी एकेका रेघेसारखी. मी ते नाकारू शकलो असतो तर बरं झालं असतं.

"ही मी," त्या म्हणाल्या. "हाच लावायचा. भिंतीवरून पण वचक राहील."

"पण आई, डाव्या बाजूला हे काय आलंय?" मेहुणीनं विचारलं.

डाव्या बाजूला पदराकडे गेलेला एक हात होता, मनगटावर माझं घड्याळ, आणि मागे दुसऱ्या हातात माझा जुना फोन. चोवीस वर्षांत त्या घरातल्या फोटोत मी पहिल्यांदाच आलो होतो.

सासूबाईंनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फ्रेमवाल्याला सांगा," त्या म्हणाल्या, "तेवढा कापून टाक म्हणावं."

मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "बरं, राहू दे. घड्याळापर्यंत."

मी साडूकडून नवा फोन मागून घेतला आणि उलटून पाहिला. हाच फोन. माझ्याकडे महिन्यातले तीन आठवडे कुंड्यांची स्वप्नं बघत होता, आणि याच्याकडे आठ दिवसांत आठ्या मोजायला लागला! मी साडूला विचारलं, तू याचंही पोट उघडलंस का?

"छे हो." त्यानं तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला, आणि त्याच खिशातून घडी घातलेला प्लॅस्टिकचा एक पातळ कागद काढला. "कव्हर काढलं तर खाली हे होतं, कॅमेऱ्यावरून चिकटवलेलं. तुम्ही वस्तू जपता ना, म्हणून टाकलं नाही. हवंय का?"

मी तो उजेडात धरला. त्यावर एक बाण होता, आणि बाणाशेजारी बारीक अक्षरात छापलं होतं: वापरण्यापूर्वी काढून टाका.