इलाला सांगायचं नाही

"इलाला सांगायचं नाही," हे मी हॉस्पिटलच्या दारातच सगळ्यांना बजावलं होतं. प्रसन्नच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी स्टेंट बसवला. आणि आमची एकुलती एक लेक कुठे? तर चिलीतल्या तलावांच्या मुलखात, एकटी! इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत जुलैचा उकाडा, पण तिकडे ऐन हिवाळा, बर्फ, अर्धी हॉटेलं बंद. "ऑफ-सीझन आहे आई, गर्दी नसते," म्हणे. गर्दी नसते म्हणजे मदतीलाही कुणी नसतं, हे बाईसाहेबांना कोण सांगणार? बापाचं कळलं असतं तर त्या बर्फात तशीच गाडी काढून विमानतळाकडे सुटली असती. मी काय ओळखत नाही तिला?

पण आमच्या मराठी मंडळातल्या शुभाकाकूंना कुठला दम निघायला! मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबांचा गुच्छ आणि खाली "प्रसन्न, लवकर बरा हो." त्या ग्रुपमध्ये इलाही आहे. काकूंचं मन चांगलं आहे हो, पण त्या क्षणी त्यांचा फोन विहिरीत फेकावासा वाटला मला.

संध्याकाळी इलाचा फोन आलाच. "मी निघालेय. एअरपोर्टला चाललेय."

"वेड लागलंय का? परत फिर आधी!"

"तू खोटं बोललीस आई. बाबा वॉकला गेलाय म्हणालीस." आणि कट.

मी परत फोन लावला, तिने उचलला नाही. तेवढ्यात प्रसन्नने डोळे उघडले. "इला कुठंय?"

"हॉटेलात. सूप पितेय," मी म्हटलं. त्याला जराही ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळपासून त्याचं तिच्यापासून लपवत होते, आता तिचं त्याच्यापासून.

तासाभराने पुन्हा फोन. "आई, गाडी कडेच्या बर्फात रुतलीय. हेल्प बोलावलीय, पण रस्ता बंद आहे, वेळ लागेल. खूप स्नो पडतोय. हीटर चालू आहे, मी ओके आहे." आवाज जड येत होता. "डोकं फार दुखतंय गं. झोप येतेय."

"मग झोप जरा, बाळा. दमलीयस," मी हळूच म्हटलं.

"कुणाला झोप येतेय?" प्रसन्न.

"कुणाला नाही. तू पड बघू."

"शैला, इलाच आहे ना? इंजिनाचा आवाज येतोय, गाडीत आहे ती?"

मी मॉनिटरकडे बघितलं. आकडे वर चढत होते. सांगितलं तर हा माझ्या डोळ्यांदेखत जाईल, असं वाटलं. पण हा माणूस वीस वर्षं न्यू जर्सीच्या बर्फात गाडी चालवतोय. मला त्यातलं काय कळतं, कप्पाळ?

"रुतलीय रे बर्फात," मी बोलून टाकलं. "हीटर लावून बसलीय. डोकं दुखतंय, झोप येतेय म्हणते."

त्याने सलाइनच्या हाताने माझा फोन हिसकावला. "इला! इंजिन बंद कर. आत्ताच्या आत्ता! दार उघड, बाहेर ये. सायलेन्सर बर्फाखाली गेलाय, विषारी धूर आत येतोय. झोपायचं नाही, ऐकतेयस ना?"

पलीकडून काहीच नाही.

"इला!"

मॉनिटर किंचाळायला लागला. नर्स धावत आली, त्याला आडवं करू लागली, त्याने फोन सोडला नाही. मी पलंगाचा दांडा धरून उभी. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर एकही आठवेना.

मग दाराचा आवाज आला. वारा आला. आणि खोकला, आतडी पिळवटून काढणारा. पोरीच्या खोकल्याने मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "बाहेर आलेय."

"शाबास. आता आधी हाताने पाइपवरचा बर्फ काढ. तोवर इंजिन लावायचं नाही. आणि नंतर काच थोडी उघडीच ठेव. मी आहे फोनवर."

नर्स मला बाहेर जा म्हणत होती. प्रसन्नने फोन कानाशी धरूनच माझ्याकडे बघितलं. "तू काय सांगितलंस तिला?"

"झोप म्हणाले," मी म्हटलं. "अरे, मी तिला झोप म्हणाले."