दोन मालकांचं भांडं

मी एक पोलादी भांडं आहे, मित्रांनो, कड्यासारखं गोल आणि आतून पोकळ. वय फार नाही, पण टाकून दिलेल्याला सगळे जुनंच म्हणतात. माझ्या पोटात एक चिमुकला सूर्य पेटवायचा होता. त्याच्या उष्णतेवर वीज करायची, धुराशिवाय, कोळशाशिवाय, असं स्वप्न होतं.

मला घडवलं एका वेल्डरबाईनं. सगळे तिला आक्का म्हणत. जोडावर जोड घालत, ठिणगीवर ठिणगी झेलत तिनं मला सांधलं. बाळाची टाळू चाचपावी तशी ती माझी शिवण चाचपायची, तीही हातमोजे घालून. "आत बोटाचा घामसुद्धा लागता कामा नये," ती मदतनिसांना दटावायची. "त्याची वाफ सुटते आणि सूर्य विझतो. बघायचंय ना? मग लांबूनच बघा."

माझे मालक दोन. भांडं सरकारचं, आणि सूर्याला भिंतीला न टेकू देता अधांतरी धरणारी भोवतीची चुंबकं कंपनीची. पहिल्या चाचणीत माझ्या पोटात गुलाबी उजेड फुलला, क्षणभर थांबला.

"हसलं बघा पोर," आक्का म्हणाली.

त्या कौतुकानंच घात केला. भागीदारीचा समारंभ ठरला आणि फोटोसाठी माझं दार उघडलं. सरकारचे साहेब आणि कंपनीचे मालक, दोघांनी माझ्या आतल्या भिंतीवर उघडे पंजे टेकवले. आक्का हातमोजे घेऊन धावली, तर फोटोवाला म्हणाला, "अहो बाई, मोज्यांत कोणाचा हात आहे ते कळणार कसं? जरा बाजूला व्हा."

पुढच्या चाचणीत उजेड आला आणि लगेच काळवंडला. आणखी एकच संधी उरली होती. तेव्हाही सूर्य टिकला नाही तर भागीदारी मोडायची, असं आधीच ठरलेलं. मला आतून धुऊन तापवायला हवं होतं, आणि तापवायचं तर उष्णतेनं बिघडणारी चुंबकं आधी उतरवायला हवी होती. आक्का दोघांकडे गेली.

साहेब म्हणाले, "भांडं आमचं आहे, धुऊ की. आधी त्यांनी चुंबकं काढावीत."

मालक म्हणाले, "काढतो की. पण डाग साहेबांच्या हाताचा आहे, हे त्यांनी आधी कबूल करावं."

"हात तुम्हीही लावला होता," आक्का म्हणाली.

"मी नुसता टेकवल्यासारखा केला हो, फोटोपुरता."

मला तसंच मळकं पेटवलं. सूर्य टिकला नाही. भागीदारी मोडली, आणि ज्या चुंबकांसाठी एवढा घोळ घातला ती एका सकाळीत उतरली. तेव्हा मात्र कोणी कोणासाठी अडून बसलं नाही.

आज मला भंगारात काढताहेत. कापायचं काम आक्काकडेच आलंय, कारण माझे जोड तिलाच ठाऊक. ती मघापासून माझ्याभोवती फेऱ्या घालतेय. "कुठून सुरुवात करू रे बाळा," असं पुटपुटतेय.

तिनं ज्योत पेटवायच्या आत तुमच्याकडे एकच मागणं, मित्रांनो. दोघांनी मिळून काही घडवलंत, तर ते आजारी पडल्यावर आधी कोणी धावायचं, हे ते धडधाकट असतानाच ठरवून ठेवा. मला दोन मालक होते. आई एकच होती, आणि तिला कोणी विचारलं नाही.