वाकडं गाईड

दसऱ्याला मशीनची पूजा झाली की नारळ फोडायचा तो टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. यंदा बाबाने हात उचलला आणि नारळ हाणला तो थेट गाईडवर. नारळ फुटला, पाणी उडालं, माझ्या बायकोने, समीक्षाने, भक्तिभावाने हात जोडले आणि मी वाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमकडे बघत राहिलो. सणाचा दिवस म्हणून ओरडलो नाही.

गाईड म्हणजे लाकूड कापायच्या मशीनवर, फिरत्या पात्याशेजारी बसवलेली सरळ पट्टी. फळी तिला टेकवून पुढे सरकवली की काप सरळ येतो. ती जराशी जरी वाकली तरी फळी मध्येच पात्याशी आवळली जाते, आणि मग पातं ती फळी उचलून चालवणाऱ्याच्याच अंगावर फेकतं. मी बजावून ठेवलं होतं, तरी बाबाने मशीन चालू केलंच. फळी सुटली ती मागच्या पत्र्याला पोचा पाडून खाली पडली. पत्र्याच्या जागी बाबाचं पोट असतं तर, हा विचार करून माझं डोकं फिरलं. सांगून टाकलं, "गाईड सरळ झालं तर ठीक. नायतर दिवाळीच्या आधी मशीन विकून मोकळा होणार."

बाबाने मशीनचं बटण बंद केलं. मशीनवर गोणपाट टाकलं आणि शेडच्या दाराशी जाऊन बसला.

बाबाचं नाव केरू. उभा जन्म रोह्यातल्या लाकडाच्या वखारीत गेला. वखार बंद पडली तेव्हा हे लहान मशीन घेऊन आला आणि वरसेतल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड मारून त्यात बसवलं. पेणच्या एका मूर्तीवाल्याला तो गणपतीचे पाट करून देतो. आंब्याच्या फळीचे, चारही बाजूंनी गुळगुळीत. मूर्ती पेणची आणि पाट केरूचा, असं भेटेल त्याला सांगतो. पाटाकडे कोण बघतं, असं मी एकदा बोलून गेलो होतो, तर पुढचे कित्येक दिवस माझ्याशी तो फक्त समीक्षामार्फत बोलत होता. मशीन गेलं तर या माणसाने दिवसभर करायचं काय, हे मलाही कळत होतं. म्हणूनच तर दुरुस्तीला बसलो.

माझी फर्स्ट शिफ्ट. पहाटे उठायचं, कंपनीत दिवसभर लोखंडी जिने चढायचे-उतरायचे, आणि घरी येऊन बूट काढेपर्यंतच अर्धा जीव जायचा. त्यात हे नवीन काम. गाईड काढलं, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसच्या जबड्यात आवळलं, फुगलेल्या जागी लाकडी मोगरीने हळूहळू ठोकलं. मग स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरलं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा व्हाइस, पुन्हा मोगरी. शेवटी उजेड दिसेनासा झाला. बोल्ट आवळले, पात्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून अंतर मोजलं. दोन्हीकडे सारखं. एक फळी चालवून बघितली, लोण्यासारखी गेली.

"झालं बाबा. उद्यापासून कर चालू."

बाबाने मान वाकडी करून गाईडकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर गाईड परत वाकडं. मधोमध पोक काढलेलं. म्हटलं, अ‍ॅल्युमिनियम हलकं असेल, परत मूळ जागी येत असेल. पुन्हा सरळ केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडं, आणि आता वेगळ्याच जागी. मी समीक्षाकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघता? मी तिथं झाडूपण घेऊन जात नाय."

"मग काय भूत येऊन वाकवतंय?"

"मला काय इचारता? दमून येता आणि घरात खेकसता."

खरं होतं ते. अंगात त्राण नसलं की माणसाला तोंडच तेवढं चालवता येतं. त्या संध्याकाळी मी मोगरीला हात लावला नाही. कासूचा पुंडलिक फर्निचर करतो, तो या मशीनवर बरेच दिवस डोळा ठेवून होता. त्याला फोन लावला आणि रविवारी येऊन मशीन बघ म्हणालो. बाबा ओटीवर बसला होता. त्याला ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोललो, हेही खरं.

शनिवारी कंपनीत वाफेची लाइन बंद पडली आणि आमच्या प्लँटच्या लोकांना लवकर सोडलं. घरात शिरतोय तोच मागून आवाज आला. ठक, ठक, मग थोडं थांबून पुन्हा ठक. बूटही न काढता तसाच मागे गेलो.

शेडमध्ये बाबा मशीनवर ओणवा झाला होता. एक डोळा मिटलेला, हातात माझी मोगरी. गाईडवर एक ठोका देई, मागे सरून बघे, मान हलवे, पुन्हा ठोका देई. घामाने बनियन पाठीला चिकटलं होतं.

"बाबा!"

तो दचकला नाही. "आलास? थांब, होतच आलं. उद्या पुंडलिक यायच्या आधी सरळ करतो."

"रोज तूच ठोकत होतास?"

"मग काय करू? तू दमून करतोस, तुझ्याकडनं वाकडं राहतं. तुला बोललो नाय. तू गेलास की मी नीट करतो."

राग माझ्या डोक्यात गेला. कपाटातली स्टीलची पट्टी आणली आणि गाईडवर धरली. आजच्या ठोक्यांनी मध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. "हे बघ. हे तुझं सरळ?"

बाबा वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग पट्टीवर बोट टेकवून म्हणाला, "तुझी पट्टीच वाकडी हाय रे."

मी हसणार होतो. नवीकोरी पट्टी ती. पण त्याचा चेहरा बघून हसू आलं नाही. त्याने मशीनची विक्री टाळायला नाटक केलं असतं तर मला कळलं असतं.

"कुठं वाकडी?"

"ही काय, मध्ये. पाण्यात काठी दिसते तशी."

मी पट्टी उभी धरली. "आता?"

"आताबी."

"हात फिरव तिच्यावरनं."

त्याने अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. मग पुन्हा, डोळे मिटून. मग डोळे उघडून नुसतं बघितलं. गणपतीच्या आधी पाट द्यायला रेल्वेने पेणला निघाला होता आणि पेणच्या पुढे जिते स्टेशनला जाऊन उतरला. डुलकी लागली म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो होतो. त्याला स्टेशनाची पाटीच वाचता आली नसणार, हे मला आत्ता कळलं.

"हाताला सरळ लागते," बाबा हळूच म्हणाला. मग त्याने शेडच्या चौकटीकडे बोट केलं. "ती सरळ हाय?"

"हाय."

"आणि तो खांब? लायटीचा?"

"सरळ हाय बाबा."

तो माझा दंड धरून बाहेर आला. घराच्या मागच्या भिंतीसमोर उभा राहिला. सिमेंटचा कोपरा, वरपासून खालपर्यंत. "आणि ही भिंत? नीट बघून सांग."

"ओळंब्यात हाय. काय झालं?"

"नक्की?"

"नक्की."

बाबाने मोगरी माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसला. मशीन आता चालवायचं नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, हे कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो. तो रडेल, भांडेल, असं वाटत होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. कित्येक महिन्यांत त्याला असं सुटल्यासारखं हसताना बघितलं नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "डोळंच गेलंत ना, जाऊ देत. मशीन दे पुंडलिकला. मला वाटलं, घर खचतंय."

"घर?"

"भाताच्या खाचरात भराव टाकून बांधलंय आपण. शिमग्यापासनं बघतोय, भिंत मध्येच वाकलेली दिसते. म्हटलं एक पाऊस काढील, फार तर दोन."

"मग सांगितलं का नाय मला?"

"तू दमून येतोस रे," बाबा म्हणाला. "तुला अजून घराचा घोर कशाला?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.  अख्खा पावसाळा हा माणूस पडणाऱ्या घरात गप झोपत होता, आणि मी त्याला गाईडवरून ओरडत होतो.