जत्रीची अर्धेली

फार्महाउसच्या गेटवरून सगळ्यात आधी 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी निघाली. स्क्रू तसेच राहिले.

शेळी अर्धेलीने देतात. कोंबडी देतात, गाय देतात. जनावर माझं, राखण तुझी, पिल्लं निम्मी निम्मी.

जीपवाला म्हणतो, बकरी असती तर मागे टाकली असती. कुत्रं नाय. कुत्रं माणसांच्या तोंडाकडे बघत बसतं.

"जात कोणती?" "पिल्लू असेल तर कळवा." "गावठी ना? मग सोडून द्या, ती जगतात." "किती गोड डोळे!!" "सोसायटीत चालत नाही, सॉरी." "मी घेतली असती, पण मला मांजर आवडतं."

ओली हळद केसांवरून लवकर जात नाही.

तुझं घर कुठलं असं कुणी विचारलं की गिरजा आधी हात कोणत्या दिशेला करायचा ते ठरवते.

*

मुरबाडहून म्हशाकडे जाताना रस्त्यापासून आत एका शेठचं फार्महाउस होतं. गिरजा आणि तिचा नवरा गणू तिथे राखणीला. गेटजवळची खोली त्यांची. म्हणजे राहायला त्यांची. झाडांना पाणी, पोहायच्या टाकीतली पानं काढणं, सुट्टीला शेठची माणसं आली की तांदळाच्या भाकऱ्या.

शेठने जागा विकली. नव्या मालकाला खोलीच्या जागी गाड्या लावायच्या होत्या. सोमवारी जेसीबी येणार, त्याआधी निघा.

गणूला भिवंडीकडे गोदामावर वॉचमनचं काम मिळालं. झोपायचं तिथेच, बाकड्यावर. गिरजा सापगावला बहिणीकडे, तानीकडे. तिथेही पडवीतच. भांडी एका गोणीत, कपडे दुसऱ्या गोणीत.

राहिली जत्री.

जत्री म्हणजे कुत्री. म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानाखाली कुईं कुईं करत सापडली, म्हणून जत्री. रंग पिवळट, एक पाय पांढरा, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. शेठच्या बायकोने तिला एकदा गाडीत घालून कल्याणला नेलं होतं. पिल्लांची घाण नको, म्हणाली, आणि ऑपरेशन करून आणलं. ऑपरेशन झालेल्या कुत्रीचा कान खुणेसाठी कापतात. गिरजाने त्या कानाला आठवडाभर खोबरेल लावलं होतं.

फोनवर तानी म्हणाली, "कुत्री नको आणू हां. सासूच्या कोंबड्या हायत."

"थोडेच दिवस गो."

"थोडे दिवस तू येतेस ना. अजून किती थोडे दिवस आणशील?"

गणू गोणीचं तोंड सुतळीने बांधत होता. "टोकावड्याकडे सोडू," तो म्हणाला. "घाटाच्या अलीकडे हॉटेलं हायत. खाईल पिईल."

"आणि जागा मिळाल्यावर? परत कुठनं आणायची?"

गणूने आधीच बांधलेली गाठ पुन्हा ओढली.

*

कुणाली शेजारच्या वाडीतली, कल्याणला नर्सिंग शिकते. तिने जत्रीचा फोटो काढला, चार ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, फॉस्टर होम हवं.

"म्हंजे काय?" गिरजाने विचारलं.

"म्हणजे कुणीतरी थोडे दिवस सांभाळायचं, काकी. तुमची सोय झाली की परत द्यायचं. कुत्रं तुमचंच."

उत्तरं आली ती वर दिली आहेत. एका बाईने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा गिरजालाच विचारलं, तुम्ही तिला असं टाकून कसं देऊ शकता? तिसऱ्या वेळी गिरजा म्हणाली, "टाकत नाय ताई, ठेवायला जागा बघते. तुमच्याकडे हाय का?" मग फोन आला नाही.

गिरजा उठली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा येऊन बसली. घ्यायला माणसं तयार होत नाहीत असं नाही. घेऊन टाका म्हटलं तर एखादा घेईल. सोडून द्या तर सगळेच सांगतात. पण ठेव आणि परत दे, असं आपल्याकडे काय असतं?

"असतं की," ती एकदम म्हणाली. "अर्धेली."

"ती शेळीची असते, काकी."

"कुत्री पण व्याते."

कुणालीने जत्रीच्या कानाकडे पाहिलं. गिरजानेही पाहिलं.

*

अर्धेलीचे नियम लिहिलेले नाहीत, सगळ्यांना पाठ आहेत. जनावर मेलं तर दोघांचं मेलं. हरवलं तर राखणाऱ्याने हरवलं. विकायचं नाही, हाकलायचं नाही. व्यायलं की वाटणी, आणि पहिल्या वाटणीनंतर धनी म्हणेल तेव्हा जनावर परत.

आणि व्यायलंच नाही तर?

न व्याणारं जनावर कुणी अर्धेलीने देत नाही. म्हणून त्याचा नियम नाही.

*

जीपवाले नेईनात म्हणून गिरजा जत्रीला दोरीने घेऊन कापलेल्या भाताच्या शेतांमधून चालत गेली. म्हशाच्या अलीकडच्या वाडीत धर्मा आणि गुणाबाई राहतात. दरवर्षी फार्महाउसला पेंढा तेच घालायचे, एवढीच ओळख. मूलबाळ नाही. त्यांची दोन कुत्री खळ्यावरून भुंकत आली. गिरजा मान खाली घालून जत्रीला पायांशी धरून उभी राहिली. गुणाबाईने "हाड्" म्हटल्यावर ती दोन्ही मागच्या दारी गेली.

"ठेवून घ्या म्हणत नाय, मावशी. अर्धेलीने घ्या."

धर्मा हसत सुटला. "कुत्र्याची अर्धेली? उद्या मांजर आणशील, परवा उंदीर!"

"पिल्लं निम्मी तुमची, काका."

"त्या पिल्लांचं करू काय? लोणचं घालू?"

"राखणीची कुत्री हाय. हिची पिल्लं लोकं मागून नेतील."

गुणाबाई हसत नव्हती. ती जत्रीकडे बघत होती आणि जत्री तिच्या तोंडाकडे. "आधी व्यायली का कधी?"

"नाय. आता व्यायेल." हे सांगताना गिरजाचा तळवा जत्रीच्या डाव्या कानावर होता.

"बरं," गुणाबाई म्हणाली. "पन अर्धेली म्हंजे अर्धेली. पयलं वेत झाल्याबिगर जनावर हलायचं नाय. मधीच येशील नि नेते म्हनशील, तर आमी द्यायचो नाय."

गिरजाने जोरजोरात मान हलवली. हलायचं नाय, म्हणजे कुणी हिला हाकलणार नाही. त्या घडीला तिला तेवढंच ऐकू आलं.

गुणाबाईने आतून हळद कालवून आणली. अर्धेलीचं जनावर दारात घेताना लावतात तशी जत्रीच्या कपाळाला लावली. मग कानांना. गिरजाला हात काढावा लागला. गुणाबाईने उजव्या कानाला बोट लावलं, डाव्या कानाला लावलं, आणि उरलेली हळद उंबऱ्याला पुसली.

परतीच्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, गिरजा थांबली. वेत झाल्याबिगर. खाली बसली. उठली. थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली. मागे जाऊन सांगावं तर जत्री आजच परत हातात. आणि सोमवारी जेसीबी.

ती पुढे गेली.

*

तानीच्या घरी अंथरूण पडवीतून ओट्यावर आलं. पाहुणे आले तेव्हा चुलीजवळ गेलं. पाहुणे गेले तरी पडवीत परत गेलं नाही, कारण तिथे आता धान्याची कणगी आली होती. गिरजा शहापूरला एका नर्सरीत पिशव्यांमध्ये माती भरायला जायची. कामावरून सरळ घरी यायची नाही. एसटी स्टँडवर बसायची, गाड्या सुटताना बघायची, आपली गाडी सोडून द्यायची.

गुणाबाईला फोन ती करायची.

"काय खाते, मावशी?"

"भात खाते. कुत्री काय खानार, पुरनपोळी? तू जेवलीस का?"

"जेवले. अंगणातच झोपते ना?"

"अंगनात कशाला? थंडी केवढी हाय." मग जरा थांबून, दर वेळी, "अजून काय नाय गो," आणि फोन बंद.

अजून काय नाय म्हणजे वेत नाही. हे ऐकून गिरजाला हायसं वाटायचं, का वाटतं ते कळायचं नाही.

*

म्हशाच्या जत्रेला ती गेली. गणूला सांगितलं देवाला जाते. बैलबाजार ओलांडून, पाळण्यांमागून, घोंगड्यांच्या दुकानांसमोरून दोनदा फिरली. आणि बैलांच्या साजाच्या दुकानाशी गुणाबाई दिसली. जत्री तिच्या पायाशी, दोरी नव्हती. गुणाबाई दुकानदाराशी घासाघीस करत होती, "एवढुशा मानेला एवढे घुंगरू लागतात का रे? चारच ठेव." लाल गोंड्याचा पट्टा तिने तिथेच जत्रीला बांधला, दोन पावलं मागे सरून पाहिला, पुन्हा सैल केला.

जत्रीने नाक वर केलं. वाऱ्यात काहीतरी शोधू लागली.

गिरजा घोंगड्यांच्या ढिगामागे बसली. दुकानदार म्हणाला, "बाई, काळी दाखवू का पांढरी?" ती म्हणाली, "दाखवा." त्याने सगळी दाखवली. घुंगरांचा आवाज गेल्यावर ती उठली.

*

होळीनंतर गणूचा फोन आला. शहापूरच्या बाहेर, आसनगावच्या अंगाला, एक मोठा प्लॉट. कुंपण झालंय, बांधकामाला वेळ आहे. राखणीला जोडपं पाहिजे. पत्र्याची खोली आहे, पाणी आहे.

"एकच म्हणाला तो. कुत्रं हाय का? कुत्रं असेल तर या."

गिरजा हसली. हसू थांबेना. माती भरणाऱ्या बाया वळून बघू लागल्या.

"जत्रीला आण. नायतर दुसरं कुठलंही बघू," गणू म्हणाला. "रस्त्यावर काय कमी हायत? त्याला भुंकनारं पायजे, बास."

"दुसरं नको."

"मग द्यायला सांग म्हातारीला. कुत्री तुझी हाय."

"वेत झालं नाय."

"व्हनार कसं?" गणू ओरडला.

*

धर्मा खळ्यावर पेंढ्याचे भारे बांधत होता. गुणाबाई उंबऱ्यात बसून पावटे सोलत होती. जत्री गिरजाला बघून धावत आली, छातीपर्यंत उडी मारली, घुंगरू वाजले, मग धावत परत गुणाबाईकडे गेली, मग पुन्हा इकडे. तिला कुठे थांबावं ते कळत नव्हतं.

"जागा मिळाली, मावशी. न्यायला आले."

"झालं का वेत?" गुणाबाईने मान वर केली नाही.

"नाय."

"मंग?"

गिरजाने घरून येताना बरंच ठरवलं होतं. वर्षभर तांदूळ आणून देईन. शेळी आणून देईन. त्यातलं काही तोंडात आलं नाही.

"व्हायचं नाय वेत. ऑपरेशन झालंय तिचं. आणली तवाच झालेलं होतं. हा कान त्याचाच कापलाय. मी हात ठेवला होता."

धर्माचे हात पेंढ्यात थांबले.

गुणाबाई उठली. पावटे ओट्यावर सांडले. "खोटारडी! हळद लावली मी हिला. माज्या दारात, माज्या हातानं हळद लावून घेतलीस नि खोटं बोललीस?"

"बोलले."

"लाज नाय वाटली?"

"वाटली. पण सोमवारी जेसीबी येणार होता, मावशी."

"मंग आता ऱ्हाऊ दे तिला हितंच. दंड म्हनून ऱ्हाऊ दे!"

"दंड कसला?" धर्मा सावकाश म्हणाला. "न व्याणाऱ्या जनावराची अर्धेली होत नाय. सौदा झालाच नाय. जनावर धन्याचं. माझा बा असता तर हेच बोलला असता."

"तुमचा बा बोलला असता. माजा नसता बोलला!"

"तुझा बा कवा बोलायचा? तुझी आय बोलू द्यायची तवा."

एरवी गुणाबाई हसली असती. आता ती खाली बसली आणि जत्रीच्या मानेचा पट्टा सोडू लागली. गाठ सुटेना. नखांनी ओढली, दातांनी ओढली. जत्री शहाण्यासारखी मान वर करून उभी होती.

"ऱ्हाऊ दे," गुणाबाई शेवटी म्हणाली. "सुटत नाय. घेऊन जा तशीच." मग आत गेली, फडक्यात भाकर बांधून आणली. "वाटंत घालू नको, ओकते. पोचल्यावर घाल. आनि रातीला दार लावून घेशील तर आधी तिला आत घे. ती दाराशी बसते, सांगत नाय."

"मावशी, तुमी येत जा."

"मी कशाला येऊ? माजी दोन हायत." आणि तिने मागच्या दाराकडे हात केला.

*

पत्र्याच्या खोलीला दार आहे, कडी नाही. गणूने पहिल्याच दिवशी कडीच्या जागी तार वळवली. प्लॉटचा मालक येऊन गेला. जत्री त्याच्यावर एवढी भुंकली की तो गाडीतून उतरलाच नाही, काच थोडी खाली करून म्हणाला, "झकास." दुसऱ्या दिवशी त्याने गेटवर लावायला पाटी पाठवली. गणू खिळे शोधत फिरतोय.

गिरजा दिवसातून दहादा बाहेर जाऊन बघते. जत्री कुंपणाच्या कडेने फिरत असते, घुंगरू वाजवत, म्हशाच्या बाजूला तोंड करून थांबते, पुन्हा फिरते. फोन गिरजा उचलते, नंबर काढते, ठेवून देते. एकदा फोन तिकडूनच आला. "काय खाते?" गुणाबाईने विचारलं.

*

जत्री त्या वाडीत गेली त्याच्या आदल्या वर्षी तिथे कुत्र्यांच्या ऑपरेशनची गाडी आली होती, आणि गुणाबाईच्या दोन्ही कुत्र्यांचे डावे कान तेव्हापासून टोकाला सरळ कापलेले आहेत.