नवरीची उंची

"मुलाचं लग्न का, मावशी?" फुलवाल्याने विचारलं आणि तिने बेधडक "हो" म्हणून टाकलं. जावयाचं लग्न म्हटलं असतं, तर पुढचे दहा प्रश्न झेलावे लागले असते. आणि खोटं तरी काय होतं त्यात? त्याची आई तो शाळेत असतानाच गेलेली. तिची लेक जाऊन तीन वर्षं झाली, तरी दर रविवारी तो यायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, "आई, तुम्ही गोळ्या घेतल्या का?" म्हणून दटावायचा.

दुसरं लग्न कर म्हणून त्याच्यामागे हात धुऊन लागली होती तीच. आता तो तयार झाला, तर तिलाच ते सोसेना. मुलगी लाखात एक होती, हेच तर दुखणं. वाईट असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती. नव्या संसारात तो आपल्या लेकीला विसरेल, ही एकच धास्ती तिला खात होती. पण तोंड पाडलं तर तो लग्नच मोडेल, म्हणून फुलं निवडायचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं. डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, असं ठरवूनच ती आज दुकानाची पायरी चढली.

जावई गाडी लावायला जागा शोधत होता. तेवढ्यात तिने पांढरे गुलाब पसंत केले, लिलीला नाक मुरडलं, जरबेरा पाहून "कागदाची वाटतात हो" म्हणाली. निशिगंधाच्या बादलीकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीच्या लग्नात निशिगंध होता.

"नवरीच्या हातातला गुच्छ खाली लोंबता हवाय ना?" फुलवाल्याने दोऱ्याचं रीळ काढलं. "मग तिची उंची सांगा. गुच्छ लांब झाला की पायात येतो. मागे एक नवरी भर मंडपात आपटली. नवऱ्याला पहिल्याच दिवशी उचलून घ्यावं लागलं!"

ती हसली आणि हसता हसता तिने हात आपल्या कानाशी नेला. "एवढी."

फुलवाल्याने दोरा ओढला, कात्री उचलली, आणि तिला धस्स झालं. गेल्याच रविवारी नव्या मुलीने सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा टाचही न उचलता काढून दिला होता. कानाला लागायची ती आपली बुटकी लेक. कॉलेजात गेल्यापासून ती बोटभरही वाढली नव्हती.

"थांबा, चुकलं! वय झालं माझं. ही चांगली उंच आहे." तिने हात वर नेला, पण कुठे थांबवायचा तेच कळेना.

तेवढ्यात जावई आत आला.

"बरं झालं आलास," ती घाईने म्हणाली. "नवरी केवढी उंच, ते यांना दाखव बघू."

त्याने क्षणभरही विचार न करता तळहात आपल्या खांद्याशी आडवा धरला. "एवढी."

"घ्या!" फुलवाला खूश झाला. "अहो मावशी, तुमचं कुठे चुकलं होतं? तुम्हीही एवढीच दाखवली की. मायलेकांचं एकमत!"

जावयाने आपल्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याचा चेहरा खाडकन उतरला. हात खाली घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"आई..." एवढंच तो म्हणाला.

तो विसरला नव्हता. याचसाठी ती इतके दिवस झुरत होती, आणि आता ते मिळालं, तर काळीज चिरत गेलं. कारण त्याच्या घरी एक पोर पाहुण्यांची यादी करत आनंदात बसली होती, आणि तिची उंची या दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती.

ती फुलवाल्याकडे वळली. "भाऊ, दोरा कापू नका. उद्या मी तिलाच घेऊन येते. समोर उभी करून माप घ्या."

मग तिने जावयाचा तो अधांतरी हात धरून खाली घेतला आणि गाडीपाशी पोचेपर्यंत सोडला नाही.