पाच सेंटिमीटर खाली

"यात कापायचं काहीच नाही," एक्सरेबाई म्हणाल्या. "जे काढाल ते पिशवीत घालून माझ्याकडे द्यायचं. उद्या म्हटलं तर गाडी होती तशी झाली पाहिजे."

हॉस्पिटलचा निळा कोट अंगावर ठेवूनच त्या माझ्या गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. शेजारी नवऱ्याची मोटारसायकल. लांब पल्ल्याची, मागे दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली, सव्वादोनशे किलोची. बाईंची उंची चार फूट अकरा इंच. दोन गल्ल्या ढकलत आणली होती आणि धाप लागलेली मला कळू नये म्हणून तोंड घट्ट मिटून नाकाने श्वास घेत होत्या. एक्सरे काढताना लोकांना "श्वास धरा" म्हणून सांगण्यात एकतीस वर्षं गेली, पण स्वतःचा काही धरता येत नव्हता.

मी स्वतः पाच फूट दोन. मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांचा असा समज दिसतो की रस्ते फक्त लांब तंगड्यांच्या माणसांसाठी डांबरलेले असतात. शोरूममध्ये बुटका माणूस गाडीवर चढतो, एका पायाच्या अंगठ्यावर तोल सांभाळत बसतो, विकणारा गालातल्या गालात हसतो आणि त्याला स्कूटर दाखवायला नेतो. हे मला कधीच खपलं नाही. माणसाला पाय दोन आहेत, ते दोन्ही जमिनीला लागले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. वीस वर्षं मी गाड्या खाली उतरवायचं काम करतोय आणि त्याची मला लाज नाही.

बाईंच्या नवऱ्याला आम्ही शिडी म्हणायचो. वीज कंपनीत खांबावर चढायची नोकरी, उंची सहा फूट एक, त्यामुळे नाव आपोआप चिकटलं. अठरा वर्षं त्याने ही गाडी चालवली आणि बाई मागे बसल्या. त्याच्या पाठीपलीकडे कधी काही दिसलं नाही, सगळा देश मी डावी-उजवीकडून पाहिला, असं त्या हसत सांगायच्या. मग शिडीला काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं, फक्त समोरचं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. परवाना गेला. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही दोनेक वर्षांत जाईल.

शिडी मात्र सगळ्यांना सांगत सुटला होता, की नवे थेंब चालू आहेत, वर्षभरात परत चालवतो की नाही बघा. त्यात मुलगा परगावाहून फोनवर रोज गाडी विकायचं टुमणं लावून बसलेला. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं, रविवारी बघायला येणार म्हणून. बाईंनी दोघांशीही वाद घातला नाही. तीन महिने ड्यूटी संपल्यावर लहान मोटारसायकलवर शिकून त्यांनी गुपचूप परवाना काढला. समुद्राच्या कडेने जाणारा तीन दिवसांचा एक रस्ता आहे, लग्नानंतर ते दोघे पहिल्यांदा गेले होते तो. नवऱ्याला दिसतंय तोवर त्याला तिथे न्यायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मग त्यांना सांगा ना सरळ," मी म्हटलं.

"काय सांगू? तुम्ही आता कधीच चालवणार नाही, म्हणून तुमची गाडी मी माझ्या मापाची करून घेतली?" बाई म्हणाल्या. "सगळं परत पहिल्यासारखं करता येतं म्हणून सांगितलंय. तेवढ्यावर हो म्हणालेत. तेवढं त्यांच्याकडे राहू दे."

मी कामाला लागलो. मागच्या शॉकअपच्या खाली दोन चपट्या पट्ट्या असतात, त्या काढून जरा लांब पट्ट्या घातल्या की गाडीची मागची बाजू खाली बसते. मग पुढच्या चाकाचे दांडे, म्हणजे फोर्क, तेही तेवढेच वर सरकवून घ्यावे लागतात, नाहीतर गाडी नाक वर करून चालते आणि वळणावर ऐकत नाही. एकूण पाच सेंटिमीटर. हे सगळं परत फिरवता येतं. परत फिरत नाही ती एकच गोष्ट, साइड स्टँड. गाडी खाली आली की तोच स्टँड तिला लांब पडतो. डावीकडे कलून आरामात टेकायच्या ऐवजी ती जवळजवळ सरळ उभी राहते, आणि जरा उतार लागला की उजवीकडे आडवी होते. म्हणून स्टँड मधून कापून, तुकडा काढून, पुन्हा वेल्डिंग करायचा असतो. दुसरा आणावा तर त्या मॉडेलचे सुटे भाग येणं केव्हाच बंद झालं होतं.

बाईंना मी हे दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान हलवून नाही म्हटलं. जुन्या पट्ट्या मी पिशवीत घातल्या, स्टँडला हात लावला नाही, आणि नेहमी डावीकडे उतार बघून गाडी लावा असं बजावलं. वीस वर्षांत अर्धवट काम मी कुणाला दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं, कारण त्या बाईसमोर माझं काही चाललं नाही.

गाडीवर बसल्या तेव्हा दोन्ही पावलांचे चवडे जमिनीला लागले. खाली वाकून त्या स्वतःच्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत चार दिवस सराव केला. पडलेली गाडी उचलायची कशी तेही मी शिकवलं. सीटला पाठ लावायची, खाली बसायचं, हँडल धरायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठायचं. हाताने ओढायला गेलात तर कंबर जाईल, असं सांगितल्यावर मणक्यांचं मला शिकवू नका म्हणाल्या.

शुक्रवारी त्या पहिल्यांदा गाडी घेऊन हॉस्पिटलात गेल्या. दुपारी बाहेर येऊन बघतात तो गाडी उजव्या अंगावर आडवी पडलेली. पार्किंगची जागा सपाट दिसत होती, पण पाणी वाहून जावं म्हणून किंचित उजवीकडे उतरती होती. आरसा फुटला, टाकीला पोचा आला. वॉर्डातले तिघेजण मदतीला धावले. बाईंनी त्यांना हात लावू दिला नाही. पर्स कठड्यावर ठेवली, सीटला पाठ लावून बसल्या आणि एका दमात सव्वादोनशे किलो उभे केले. हे मला पुढे त्या तिघांपैकी एकाने सांगितलं, बाईंनी अवाक्षर काढलं नाही.

पण पोचा लपत नाही. मुलाने फोनवर आईला झाडलं, या वयात हे काय खूळ म्हणून. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि तुझं झालं असेल तर ठेवते म्हणून फोन ठेवला. हे मला शिडीकडून कळलं. शनिवारी सकाळी तो गाडी ढकलत माझ्याकडे आला. बाई त्याच्या पुढे चार पावलं, रस्ता दाखवत. दारातल्या पायरीला तो अडखळला, पण गाडी सुटू दिली नाही. अठरा वर्षांचा हात होता तो.

"स्टँड का नाही कापलास?" त्याने मला विचारलं.

मी बाईंकडे बघितलं. त्या पेटीचं कुलूप निरखत होत्या.

"अर्धं काम करणारा मिस्त्री नाहीस तू. कुणी अडवलं?"

"मीच अडवलं," बाई म्हणाल्या. "कापलं की परत येत नाही ना."

वाकून हाताने चाचपत शिडीने स्टँड शोधला, त्यावरून बोटं फिरवली, मग टाकीवरचा पोचा चाचपला. तिथे त्याचा हात बराच वेळ राहिला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण गॅरेज माझंच, जाणार कुठे.

"नजर परत येत नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "डॉक्टर तुला बाजूला घेऊन बोलला, मी काही बहिरा नाही. तुला बरं वाटावं म्हणून थेंबांचं बोलत होतो."

बाईंनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "मग वर्षभर आपण दोघं एकमेकांना..." त्या म्हणाल्या.

"मिस्त्री, काप," शिडी म्हणाला. "आणि उद्याच्या त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलंय. ही गाडी आता उंच माणसाच्या कामाची राहिली नाही म्हटलं."

मी स्टँड काढला, खूण केली आणि कापला. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा खाली पडला. वेल्डिंग करून, घासून, काळा रंग देऊन स्टँड पुन्हा बसवला तेव्हा गाडी डावीकडे रेलून उभी राहिली. बाईंनी तिला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. हलली नाही. शिडीने हात पुढे केला आणि तो तुकडा मागितला. अजून कोमट होता. त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला.

मी म्हटलं, एक फेरी मारून या दोघं. बाई पुढे बसल्या, शिडी मागे. मागच्या सीटवर तो असा काही दिसत होता की समोरचा दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला. हसायला आला होता, पण हेल्मेटच्या आतून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत आत गेला.

दहा पावलं जातात न जातात तोच पुढे एक ट्रक रिव्हर्समध्ये येऊ लागला. बाईंनी गाडी थांबवली. थांबल्याबरोबर शिडीने आपले दोन्ही लांब पाय खाली टेकवले. अठरा वर्षांची सवय. आता गाडी खरं म्हणजे त्याच्याच पायांवर उभी होती.

"अहो, पाय वर घ्या," बाई म्हणाल्या.

"पडशील."

"पडले तर उचलेन. पाय वर घ्या."

ट्रक मागे येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शिडीने एक पाय उचलून पायदानावर ठेवला. मग थोडा थांबला, खिशावर हात ठेवला, आणि दुसराही उचलला.