दिव्यातला खळगा

“ते जुनं यंत्र भंगारात गेलं नाही ना, मॅडम?” तात्यांनी दारातूनच विचारलं. खगोल संस्थेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. जिना चढून त्यांना धाप लागली होती.

“कपाटात आहे. का हो?”

“त्याची काच मी वेगळ्याच गोंदानं बसवली होती. तुम्ही सांगितलेला आदल्या दिवशीच संपला, मग हाताशी होता तो वापरला. काल पेपरात वाचलं, तुम्हाला सापडलेली ती धूळ म्हणे डिंकासारखी, तेलकट असते. माझी झोपच उडाली.”

तिला हसू आलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच यंत्रानं तिनं एका विझत चाललेल्या ताऱ्याचा अवरक्त प्रकाश तपासला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या प्रकाशाच्या आलेखात एका जागी खळगा होता. ताऱ्याभोवतीचे कार्बनचे रेणू तेवढाच प्रकाश गिळतात, असं तिनं दाखवलं. पुढे तो तारा धुळीत पार बुडाला आणि पुन्हा कुणालाच तपासता आला नाही. त्या खळग्यावर तिचं नाव झालं, चौघांची पीएचडी झाली. आई तर दूधवाल्यालाही सांगायची, “आमच्या हिनं ताऱ्याची काजळी शोधली.” आता त्याच भरवशावर उपग्रहासाठी नवं यंत्र बनणार होतं. उद्या सकाळी दहाला आराखड्यावर सह्या होत्या.

“चला, काढू या,” ती म्हणाली.

दोघांनी यंत्र टेबलावर घेतलं. आतली हवा उपसली, गार करायला द्रव नायट्रोजन ओतला आणि काचेसमोर ताऱ्याऐवजी साधा दिवा लावला. दिव्याच्या आलेखात खळगा असायचं काही कारणच नव्हतं.

अकरा वाजता रेघ सपाट आली.

“सुटलात, तात्या!” तिनं कपाळ पुसलं.

“लगेच नको. तुम्ही तारा कधी बघायचात? गार केल्या केल्या?”

ती पुन्हा खुर्चीत बसली. तुलनेसाठीचा तारा ती आधी, यंत्र नुकतंच गार झालेलं असताना टिपायची. आपला तारा पाच-सहा तासांनी वर यायचा.

एक वाजता रेघ एका जागी किंचित खाली बसली. तिनं केबल तपासल्या, दिवा बदलला. दोनला रेघ आणखी बसली. डबे उघडलेले तसेच राहिले, दोघांनाही घास गिळवेना. तीन वाजता तिनं जुना आलेख नव्यावर ठेवून उजेडात धरला. तीच जागा, तीच रुंदी. इतक्या वर्षांनीही गोंदाची वाफ यंत्रातल्या गार फिल्टरवर थर धरत होती आणि तो थर तेवढाच प्रकाश गिळत होता.

“हे आपल्या दोघांनाच माहीत आहे,” ती म्हणाली.

तात्या खाली बघत राहिले. “हो.”

तेवढ्यात फोन वाजला. उपग्रहाचं काम बघणारा तिचाच जुना विद्यार्थी होता. “मॅडम, उद्या दहाला नक्की ना? तुमच्या सहीवाचून घोडं अडलंय.”

तिनं फोन या कानावरून त्या कानावर नेला.

“कुणीच सही करू नका. खळगा ताऱ्याचा नाही, माझ्या यंत्राचा आहे.”

“मॅडम... चेष्टा करताय का?”

“संध्याकाळी आलेख पाठवते. शोध मागे घेतेय म्हणून तो छापणाऱ्या मासिकालाही लिहिते.”

फोन ठेवून तिनं पत्र लिहायला घेतलं तशी तात्यांनी खुर्ची जवळ ओढली. “गोंद मी बदलला, तेही लिहा. माझं नाव घाला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” ती तुटकपणे म्हणाली. मग पेनाचं टोपण काढत, “यंत्र तुम्ही घडवलंत, पण शोध छापला तेव्हा तुमचं नाव घातलं नव्हतं मी. आता कुठल्या तोंडानं घालू?”

तिनं लिहिलं, ‘यंत्र दिवसभर गार ठेवून दिव्यावर तपासायला हवं होतं. ते मी केलं नाही.’

शेवटची खात्री उरली होती. तिनं फिल्टरला ऊब देणाऱ्या तारेचं बटण दाबलं. थर उडू लागला. पडद्यावरचा खळगा काठाकाठानं भरत चालला. तिनं पत्र बाजूला ठेवलं. रेघ पुरती सपाट होईपर्यंत दोघंही जागचे हलले नाहीत.